अजून किती उरलंय?

हा लेख फोनवर वाचत असाल, आणि बहुतेक फोनवरच वाचत असाल, तर अंगठा जरा वर सरकवा आणि स्क्रीनच्या उजव्या कडेला बघा. एक बारीक राखाडी रेघ उमटेल आणि अंगठा थांबला की विरून जाईल. ती रेघ किती लांब आहे आणि कुठे आहे, यावरून लेख केवढा आहे आणि तुम्ही त्यात कुठवर आलात हे कळतं. आत्ताच वाचायचा की रात्रीसाठी ठेवायचा, कंटाळा आला तर सोडायचा की रेटायचा, हे तुम्ही नकळत त्या रेघेकडे बघून ठरवता. आता इन्स्टाग्राम उघडा आणि रील्समध्ये तीच रेघ शोधा. सापडणार नाही.

ही रेघ बनवणं हा माझ्या पोटापाण्याच्या कामाचा एक भाग आहे. मी शेलारला राहते. भिवंडीतून नदीनाका ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव. गाव म्हणायचं ते सवयीने, आता सगळं भिवंडीत मिसळल्यासारखंच आहे. आसपासच्या छोट्या कारखानदारांना आणि गोदामवाल्यांना मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहून देते. बीमचा हिशेब, ताक्यांची नोंद, पार्सलांच्या याद्या. जुन्या मशीनवरही चालावं म्हणून बहुतेक काम पायथॉनमध्ये, आणि खिडक्या-बटणांसाठी त्याच्यासोबत फुकट मिळणारं टीकेइंटर. दिसायला जुनाट, पण कुरकुर न करता चालतं.

याद्या आल्या की स्क्रोलबार आला. आणि एका गोदामातल्या कामाच्या वेळी मला सांगण्यात आलं की ही पट्टी काढून टाका. तेव्हापासून मी या पट्टीबद्दल जरा जास्तच विचार करते आहे.

आधी ती चालते कशी ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. स्क्रोलबार हे विजेट तसं मठ्ठ असतं. यादीत काय आहे, किती ओळी आहेत, त्याला काही ठाऊक नसतं. त्याला फक्त दोन आकडे कळतात, दोन्ही ० ते १ च्या मधले. दिसणारा भाग कुठे सुरू होतो तो पहिला आकडा, कुठे संपतो तो दुसरा. समजा ४०० ओळींची यादी आहे आणि खिडकीत एका वेळी २० दिसतात. सगळ्यात वर असाल तर आकडे ० आणि ०.०५. अर्ध्यावर असाल तर ०.५ आणि ०.५५. खाचेच्या तेवढ्या भागात ठोकळा रंगवायचा, एवढंच त्याचं काम.

हे आकडे त्याला यादी देते. यादीच्या वायस्क्रोलकमांडला पट्टीचा सेट जोडायचा आणि पट्टीच्या कमांडला यादीचा वायव्ह्यू. दोन ओळींचं काम, पण नवशिके यातली एक हमखास विसरतात. पहिली विसरली तर ठोकळा ओढला की यादी हलते, ठोकळा मात्र यादीबरोबर जात नाही. दुसरी विसरली तर माउसचं चाक फिरवल्यावर ठोकळा इमानदारीत सरकतो, पण ठोकळाच धरून ओढला तर यादी ढिम्म. या जोडणीतली एक गोष्ट मला फार आवडते. तुम्ही ठोकळा ओढता तेव्हाही तो तुमच्या हाताचं ऐकून सरकत नाही. तो यादीला निरोप देतो, यादी हलते, मग ती उलट कळवते की मी आता इथे आहे, आणि त्यानंतर ठोकळा तिथे जातो. हे इतकं झटकन होतं की आपल्याला वाटतं आपणच ओढला.

पण यादीची लांबी तरी कोणी ठरवली? साध्या लिस्टबॉक्सला त्याच्या ओळी मोजता येतात. कॅनव्हास वापरला, म्हणजे मोकळ्या फळ्यावर आपणच सगळं मांडलं, की लांबी मला सांगावी लागते. त्याला स्क्रोलरीजन म्हणतात. मी ५,००० पिक्सेल म्हटलं की पट्टी ५,००० धरून चालते. खाली काही नसलं तरी. ठोकळा लहान दिसतो, माणूस खाली खाली जात राहतो, आणि शेवटी कोरा फळा. पट्टी खरं बोलते की नाही हे शेवटी तिच्यामागे बसलेल्या माणसावर ठरतं.

जुन्या काळी पट्टीला दोन कामं होती: सरकवण्याची मूठ आणि किती उरलंय ते दाखवणारं माप. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत खिडक्यांचे कॉम्प्युटर घडत होते तेव्हापासून ती आहे. गंमत म्हणजे सुरुवातीच्या मॅकिंटॉशवर ठोकळा कायम एकाच मापाचा असायचा. तुम्ही कुठे आहात ते सांगायचा, एकूण किती आहे ते नाही. विंडोजमध्ये मजकुराच्या प्रमाणात लहान-मोठा होणारा ठोकळा विंडोज ९५ बरोबर सगळीकडे आला, मॅकवर १९९८ च्या ८.५ आवृत्तीत. मग माउसला चाक आलं, २००७ मध्ये आयफोन आला, आणि मूठ म्हणून पट्टीची गरज उरली नाही. बोटानेच सगळं सरकायला लागलं. २०११ मध्ये ॲपलने मॅकवरही पट्टी मुळातच लपवून टाकली; सरकवताना तेवढी दिसते. तुमच्या फोनवरची ती विरणारी रेघ म्हणजे दोन कामांपैकी उरलेलं एक काम, तेही अर्धवेळ.

म्हणून पट्टी काढून टाका असं कोणी म्हटलं तर प्रोग्रॅम अडत नाही. टीकेइंटरमध्ये एक ओळ पुसायची. यादी चाकाने पूर्वीसारखीच सरकते. कमी होते ती फक्त एक माहिती.

आता ते गोदाम. नाव सांगत नाही, आणि तशी गोदामं आमच्या भागात इतकी आहेत की नावाने फरकही पडत नाही. ओळीने पॅकिंगची टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जुना कॉम्प्युटर. त्यावर त्या दिवशीच्या पार्सलांची यादी. बाई पार्सल बांधते, स्कॅन करते, ती ओळ हिरवी होते, यादी एक ओळ वर सरकते. बाजूला माझी पट्टी, वर एकूण आकडा. पंधरा दिवस हे चाललं आणि मग सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, ती बाजूची पट्टी काढून टाका ना. आणि वरचा आकडापण. पुढचं पार्सल तेवढं दाखवा."

का, विचारलं. त्यांच्याकडे कारणं होती. सकाळी भली मोठी यादी बघून बायकांचे चेहरे पडतात. आणि संध्याकाळी, थोडंच उरलंय असं दिसलं की हात सैल पडतो. मधल्या वेळात काम चांगलं होतं. मग सगळा वेळ मधलाच का असू नये?

मला हे म्हणणं मूर्खपणाचं वाटलं नाही. सकाळचं तर अगदी खरं होतं. यादी ६०० च्या वर गेली की ठोकळा इतका लहान होतो की एका ताईंनीच मला सांगितलं होतं, "तिळाएवढा दिसतो गं तो. बघवत नाही." माणूस एकेका पावलाकडे बघून डोंगर चढतो, शिखराकडे बघून नाही, असं सुपरवायझरच्या बाजूने म्हणता येईल. आणि माप दिसल्याने माणसाला बरंच वाटतं असंही दरवेळी नाही. १९८५ मध्ये ब्रॅड मायर्स नावाच्या संशोधकाने टक्केवारी दाखवणाऱ्या पट्ट्यांवर निबंध लिहिला होता. लोकांना अशी पट्टी असणं आवडतं, असं त्याला आढळलं. पण तिथे काम मशीन करत होतं आणि माणूस वाट बघत होता. इथे माणूसच मशीनच्या जागी आहे.

पण त्याच ताई दुपारी त्या तिळाचं काय करायच्या ते मी बघितलं होतं. साडेतीनला मान वळवून पट्टीकडे बघायचं आणि घरी फोन करायचा. "आज उशीर होईल, पाणी तू भरून ठेव." किंवा, "येते मी वेळेत, तू क्लासला जा." नळाला पाणी येण्याची वेळ, मुलीचा क्लास, शेअर रिक्षा, हे सगळं त्या एका ठोकळ्याला बांधलेलं होतं. सुपरवायझरला दिसत होतं की बाई पट्टीकडे बघते तेव्हा हात थांबतो. हात थांबतो त्या दोन सेकंदांत ती उरलेला दिवस जुळवत असते, हे त्यांच्या स्क्रीनवर कुठे येणार?

शेलारमध्ये वाढलेल्या माणसाला हे दुसऱ्या एका मापावरून चटकन समजतं. मागच्या बाजूला बीम असतो, त्यावर ताण्याचे हजारो धागे गुंडाळलेले. पुढच्या रुळावर विणलेलं कापड गुंडाळत जातं. मागची गुंडाळी बारीक होते, पुढची जाड होते. आमच्या गल्लीतले एक चाचा आयुष्यभर माग चालवत आले. लहानपणी मी खडखडाटात ओरडून विचारायचे, अजून किती? ते बीमकडे नजर टाकून म्हणायचे, "डेढ ताका बचा है, बेटी." शिवाय सायझिंगमध्ये धाग्यांना खळ लावतानाच ठरावीक अंतरावर रंगाची खूण टाकतात, ताका कुठे कापायचा ते कळावं म्हणून. यंत्रमागाच्या धंद्यात कामगाराची पिळवणूक नाही असं कोणी म्हणू नये. बारा-बारा तासांच्या पाळ्या मी बघितल्या आहेत. पण बीम कोणाला झाकून ठेवता येत नाही. मालकाला दिसतो तसाच तो विणणाऱ्यालाही दिसतो.

पोथीचंही तसंच. सुटी पानं, वाचलेलं पान उलटून बाजूला ठेवायचं. आजी पारायणाला बसली की न वाचलेल्या पानांची चळत आणि वाचलेल्यांची चळत, दोन्ही तिच्यासमोर. गुरुचरित्राची सात दिवसांची वाटणी तर ठरलेलीच असते, कुठल्या दिवशी कुठल्या अध्यायाशी थांबायचं ते. त्याहून मला आवडते ती शिवाजी महाराजांच्या पत्रांतली शेवटची छोटी मुद्रा: ‘मर्यादेयं विराजते’. वरच्या राजमुद्रेबद्दल सगळेच बोलतात. ही खालची मजकूर संपला तिथे उमटवायची. पत्राची मर्यादा इथे झाली, यापुढे कोणी काही घुसडलं तर ते आमचं नाही. आपण सहज ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो त्यातलं मोर्तब ते हेच. हुकूम देणाऱ्याने आपला हुकूम कुठे संपतो हे स्वतःच सांगून ठेवायचं, ही कल्पना मला कुठल्याही डिझाइनच्या पुस्तकात भेटली नाही.

याच्या उलट टोकाला तुमच्या फोनमधलं न संपणारं स्क्रोलिंग. २००६ च्या सुमारास एझा रास्किन या तरुण डिझाइनरने ते बनवलं. मॅकिंटॉशचा प्रकल्प ज्यांनी सुरू केला त्या जेफ रास्किन यांचा हा मुलगा. ‘पुढचं पान’ या बटणावर लोकांना उगाच थांबावं लागतं, ते वाचवावं, एवढाच हेतू. पुढे त्यानेच या शोधाबद्दल जाहीरपणे पस्तावा व्यक्त केला. पानाच्या तळाशी येणारा तो एक क्षण अडथळा होता हे खरंच. पण उठायचं का, हा प्रश्न पडायला तेवढीच एक जागा होती.

कोणी म्हणेल, बातम्या खरंच संपत नाहीत, रील्स खरंच संपत नाहीत, मग पट्टी दाखवणार कशाची? मान्य. ज्याला शेवट नाही त्याला खोटा शेवट लावू नये. मला त्रास होतो तो ज्याला शेवट आहे त्याचा शेवट लपवण्याचा. आणि आजाराचं काय, असंही मला एका मैत्रिणीने विचारलं. किती दिवस उरलेत हे न कळणं हीच कधीकधी दया नसते का? असेल. पण एक तर तिथे डॉक्टरलाही नक्की ठाऊक नसतं. आणि जिथे ठाऊक असतं तिथे ऐकायचं की नाही हे पेशंटला विचारतात, निदान विचारायला हवं. रहस्यकथा वाचताना मी स्वतः उरलेल्या पानांवर हात ठेवून वाचते. हात माझा असतो.

सुपरवायझरनी माझा चेहरा बघून दुसरा उपाय काढला. पट्टी राहू द्या, पण एका वेळी ४० पार्सलंच यादीत टाका. ती संपत आली की पुढची ४० गुपचूप जोडा. हे करणंही सोपं आहे. मोठ्या याद्या तुकड्या-तुकड्यांनी भरणं ही रोजची पद्धत आहे, मशीनवर ताण येऊ नये म्हणून. तुम्हीही हे बघितलं असेल: पट्टी तळाशी पोचते आणि एकदम ठोकळा आक्रसून वर उडी मारतो. या प्रकारात एकही आकडा खोटा नसतो. यादी प्रत्येक वेळी विचारल्यावर खरंच सांगते, माझ्याकडे ४० आहेत, त्यातल्या ३५ झाल्या. फक्त तिला ४० च दिलेल्या असतात. प्रत्येक मिनिटाला खरं आणि दिवसभरात खोटं, असं हे बोलणं. सरळ पट्टी काढण्यापेक्षा मला हे जास्त वाईट वाटलं. पट्टी नसली तर माणसाला आपल्याला माहीत नाही हे तरी माहीत असतं. इथे ती साडेतीनला बघणार, ‘झालंच’ म्हणून घरी फोन करणार, आणि ठोकळा वर उडी मारणार.

माझं मत पक्कं झालं ते मात्र या तर्कांनी नाही. त्याच बैठकीत त्यांनी स्वतःच्या केबिनसाठी एक स्क्रीन मागितली. प्रत्येक टेबलाचं किती झालं, किती उरलं, टक्केवारीत, दर ५ मिनिटांनी ताजं. म्हणजे शेवट बघून मन विचलित होतं हे त्यांना स्वतःबद्दल वाटत नव्हतं. माहिती गोदामातून नाहीशी होणार नव्हतीच, ती टेबलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणार होती. काम करणारीला न दिसणारं आणि करवून घेणाऱ्याला दिसणारं. तेव्हापासून कोणी मला काही लपवायला सांगितलं की मी पहिलं हेच विचारते, की ते तुमच्या स्क्रीनवर हवंय का.

कायद्याची मदत होईल का म्हणून शोधलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ प्रकार आहेत: खोटी घाई, कार्टमध्ये गुपचूप वस्तू टाकणं, वगैरे. न संपणारी यादी त्यात नाही. असती तरी सूचना ग्राहकासाठी आहेत. पार्सल मागवणारीला त्या लागू होतात, बांधणारीला नाही.

मी तिसरा एक नमुना करून दाखवला. टीकेइंटरच्या पट्टीवर खुणा काढायची सोय नाही, म्हणून तिच्या शेजारी एक बोटभर रुंदीचा कॅनव्हास ठेवला आणि दर ४० पार्सलांवर एक रंगीत रेघ मारली. सायझिंगवाल्यांची खूण, तशीच. सकाळी तिळाकडे न बघता पुढच्या रेघेकडे बघावं, आणि दुपारी हवं तर पूर्ण पट्टीकडे. एकूण आकडा दोन्हीकडे सारखा, टेबलावर आणि केबिनमध्ये. मला तो नमुना अजूनही आवडतो. सुपरवायझरनी तो दोन मिनिटं बघितला, "छान आहे, पण हे नको," म्हणाले. मी म्हटलं, मग दुसरं मला जमणार नाही. वाद झाला नाही. ते चांगल्या शब्दांत बोलले, झालेल्या कामाचे पैसे दिले आणि पुढचं काम दुसऱ्या कोणाला दिलं. ती ओळ पुसायला कोणालाही पाच मिनिटं पुरतात. महिन्याच्या हिशेबात माझ्याकडे मोठा खड्डा पडला, आणि मी नाही म्हटल्याने त्या बायकांच्या स्क्रीनवर काहीच फरक पडला नाही, हेही आहेच.

त्या ताई नंतर एकदा बाजारात भेटल्या. मी विचारलं, आता कसं चालतं? हसल्या. म्हणाल्या, पार्सलांच्या गाड्या सकाळी किती खाली झाल्या ते दारावरचा पोरगा सांगतो, त्यावरून अंदाज धरायचा. आणि टेबलाखाली एक रिकामा खोका ठेवलाय. दहा पार्सलं झाली की मार्करने त्याच्या आतल्या बाजूला एक उभी रेघ. पाचवी रेघ आडवी.

"आतल्या बाजूला का?" मी विचारलं.

"बाहेरून दिसलं तर खोका उचलून नेतील ना."